नागपूर–मुंबई हायस्पीड रेल्वे: कागदावर आखायची कशी?

नागपूरहून मुंबईला रेल्वेने जायचं म्हणजे भुसावळमार्गे ८३७ किलोमीटर. दुरांतोलाही अकरा तासांच्या आसपास लागतात. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. त्यानंतर इंजिनं बदलली, वीज आली, डबे बदलले, पण वाट मोठ्या प्रमाणात तीच राहिली. आता समृद्धी महामार्गाच्या दिशेने सुमारे ७४० किलोमीटरचा वेगळा हायस्पीड मार्ग काढण्याचा प्रस्ताव आहे. नॅशनल हायस्पीड रेल कॉर्पोरेशनने त्याचा अभ्यास हाती घेतला आणि २०२१ मध्ये विमानातून लेसरने जमीन टिपणारं लायडार सर्वेक्षणही झालं.

असा प्रकल्प चर्चेत आला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात: कधी होणार, आणि आमच्या गावाला थांबा आहे का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं फार आधी घेतलेल्या निर्णयांमध्ये दडलेली असतात. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी, स्थानिक पत्रकार आणि ज्यांचे गट क्रमांक उद्या राजपत्रात छापून येऊ शकतात असे शेतकरी यांना ते निर्णय क्रमाने समजावेत, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं एकच आहे. गाडी ताशी किती किलोमीटर धावते यावरून सुरुवात करू नका. माणूस घराचं कुलूप लावून निघाल्यापासून कामाच्या जागी किती वेळात पोचतो, ते आधी ठरवा आणि बाकीचे सगळे आकडे त्या वेळेतून काढा.

पायरी १: प्रवासी कोण, ते शोधा

पहिलं काम सर्वेक्षणाचं. कुठून कुठे किती लोक, कशासाठी, कोणत्या वेळेला आणि कशाने जातात, हे मोजायचं. नागपूर विमानतळ, नागपूर व अजनी स्थानकं, गणेशपेठचं एसटी बसस्थानक, ट्रॅव्हल्सच्या बसेस सुटतात त्या जागा आणि समृद्धीचे टोलनाके, सगळीकडे माणसं उभी करावी लागतात. हे काम एकाच महिन्यात उरकू नये. दिवाळी, लग्नसराई, हिवाळी अधिवेशन, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन या काळांत नागपूरची ये-जा नेहमीपेक्षा पार वेगळी असते.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. नागपूर–मुंबई प्रवास हा मुख्यतः रात्रीचा प्रवास आहे. संध्याकाळी बसायचं, सकाळी उतरायचं, काम उरकायचं आणि रात्री परतीची गाडी धरायची. त्यात हॉटेलचा खर्च वाचतो आणि दिवसही मोडत नाही. हायस्पीड मार्ग मात्र रात्री सहसा बंद असतो. जपानमध्ये मध्यरात्र ते सकाळी सहा हा वेळ देखभालीसाठी राखीव आहे, आणि मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गाचं नियोजनही तसंच आहे. म्हणजे ‘तुम्ही वेगवान गाडीने जाल का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘सकाळी सहाला निघून साडेनऊला पोचणारी गाडी असेल, तर रात्रीची झोपून जायची गाडी सोडाल का, आणि किती तिकिटाला?’ असं विचारलं तरच उत्तराला अर्थ येतो.

दुसरं, फक्त दोन टोकांचे प्रवासी मोजू नका. बारा स्थानकं धरली तर शहरांच्या ६६ जोड्या तयार होतात. नागपूर–मुंबई ही त्यातली एकच, आणि तिथे विमानाची स्पर्धा आहे. नागपूर–छत्रपती संभाजीनगर, जालना–नागपूर या जोड्यांना आज सरळ वाटेची रेल्वे नाही. संभाजीनगर समृद्धीने सुमारे साडेचारशे किलोमीटर, पण रेल्वेने जायचं तर मोठा वळसा. माझ्या मते या मार्गाचं खरं भाग्य या मधल्या जोड्यांमध्ये आहे. मागणीचा अंदाज जोडीनिहाय मांडलेला नसेल, तर तो अहवाल अर्धाच समजावा.

पायरी २: वेळेचा ताळेबंद मांडा

आता खरी कसोटी. नागपूरच्या सक्करदऱ्यातून निघालेल्या माणसाला वांद्रे-कुर्ला संकुलात पोचायचं आहे, असं धरू.

विमानाने: सोनेगावचं विमानतळ गाठायला २५ मिनिटं, आधी पोचून थांबायला सव्वा तास, उड्डाणाचा दीड तास, बाहेर पडायला २५ मिनिटं, पुढचा रस्ता अर्धा तास. एकूण साधारण चार तास. उशीर, गर्दी धरली तर सव्वाचार.

रेल्वेने: स्थानकापर्यंत अर्धा तास, फलाटावर पाव तास, उतरल्यावर अर्धा तास. म्हणजे सव्वा तास अधिक गाडीचा वेळ. विमानाशी बरोबरी करायची तर गाडीच्या वाट्याला तीन तास उरतात.

नागपूरची ही अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आपलं विमानतळ शहराला लागून आहे आणि मुंबईचं विमानतळही वांद्रे-कुर्ल्यापासून जवळ. जगात इतरत्र हायस्पीड रेल्वे जिंकते ती बऱ्याचदा विमानतळ शहरापासून लांब असल्यामुळे. इथे तो फायदा आयता मिळत नाही.

तर तीन तास. ७४० किलोमीटर तीन तासांत म्हणजे सरासरी ताशी २४७. कमाल वेग ताशी ३२० धरला तर न थांबता, न मंदावता २ तास १९ मिनिटं लागतील. त्यात दोन्ही शहरांतला मंद वेग आणि घाट मिळून १५ मिनिटं घाला. सुटताना वेग घ्यायला आणि शेवटी थांबायला पाचेक मिनिटं. मधला प्रत्येक थांबा पाच मिनिटं खातो: ब्रेक लावून वेग उतरवणं, दोन मिनिटं उभं राहणं, पुन्हा ३२० पर्यंत पोचणं. शिवाय वक्तशीरपणासाठी दहा-बारा मिनिटांची मोकळीक ठेवावीच लागते. तीन थांब्यांची गाडी त्यामुळे तीन तास पाच मिनिटांच्या आसपास बसते. दहा थांब्यांची गाडी पावणेचार तासांना टेकते.

हा ताळेबंद एका कागदावर मावतो. तो समोर ठेवला की प्रत्येक मागणीची किंमत मिनिटांत कळते. थांबा मागणाऱ्या आमदारालाही ती सांगता येते आणि वेगाचा आग्रह धरणाऱ्या अभियंत्यालाही.

पायरी ३: वळणं, आणि समृद्धीच्या कडेने जायचा मोह

‘समृद्धीसाठी १२० मीटर रुंदीची जमीन घेतलीच आहे, रेल्वे तिच्याच कडेने टाका,’ हे ऐकायला इतकं सोपं वाटतं की कुणी हिशोबच करत नाही. करून बघू.

वळणावर गाडी बाहेर फेकली जाते. ते सावरायला बाहेरचा रूळ उंच ठेवतात. तरी थोडा बाहेरचा ओढा उरतो, तो प्रवाशाला जाणवतो, म्हणून त्यालाही मर्यादा असते. स्टँडर्ड गेजसाठी (रुळांमधलं अंतर १,४३५ मिलीमीटर) वळणाच्या त्रिज्येचं सूत्र सोपं आहे: ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग गुणिले ११.८, भागिले रुळाची उंची आणि उरलेल्या ओढ्याइतकी उंचीची तूट यांची मिलीमीटरमधली बेरीज. ही बेरीज २०० मिलीमीटर धरली, तर ताशी १६० ला साधारण १,५०० मीटर त्रिज्या पुरते. ताशी ३२० ला ६,००० मीटर लागते. वेग दुप्पट, त्रिज्या चौपट.

आता समजा महामार्ग एका ठिकाणी ३० अंशांत वळतो आणि त्याच्या वळणाची त्रिज्या १ किलोमीटर आहे. दोन सरळ रेषा जिथे मिळाल्या असत्या त्या कोपऱ्यापासून रस्ता फार तर ३५ मीटर आतून जातो. ६ किलोमीटर त्रिज्येची रेल्वे त्याच कोपऱ्यापासून सुमारे २१२ मीटर आतून जाते. फरक पावणेदोनशे मीटरांच्या वर. १२० मीटरांच्या पट्ट्यात तो मावत नाही. म्हणजे जिथे जिथे महामार्ग असा वळतो, तिथे रेल्वेला एक तर रस्ता ओलांडून शेतात शिरावं लागेल किंवा वेग उतरवावा लागेल.

याचा अर्थ समृद्धीचा उपयोग नाही असा नाही. लांब सरळ पट्ट्यांत तिची सोबत फार मोलाची आहे: जमिनीचे नकाशे आहेत, बांधकामासाठी रस्ता तयार आहे, गावं आधीच एका बाजूला झाली आहेत. म्हणून आखणी करताना सर्व लांबी तीन रंगांत रंगवा: महामार्गाच्या हद्दीत बसणारी, हद्दीला लागून जाणारी आणि पूर्ण वेगळी. तिन्हींचे किलोमीटर वेगवेगळे लिहा. ‘समृद्धीला समांतर’ या दोन शब्दांखाली हा फरक झाकला गेला, तर गावकऱ्यांची फसगत होते.

जुन्या निर्णयाचा परिणाम किती टिकतो, ते टोकियो–ओसाका मार्ग सांगतो. १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेल्या त्या मार्गावर वळणाची मूळ त्रिज्या २,५०० मीटर ठेवली होती. आज त्यावर ताशी ३०० च्या क्षमतेच्या गाड्या आहेत, पण कमाल वेग २८५ वरच थांबतो. गाड्या बदलता येतात, पण लोकवस्तीने वेढलेली वळणं सरळ करता येत नाहीत. म्हणून आज ३२० ने धावायचं ठरलं तरी रेषा ३५० ची आखावी. वेग मात्र उगाच वाढवू नये: ३०० वरून ३५० वर गेलं की हवेचा विरोध सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो आणि विजेचं बिल त्याच्या मागोमाग येतं.

पायरी ४: स्थानकं कुठे

चर्चेत आलेली नावं बहुतेकांना पाठ आहेत: वर्धा, पुलगाव, कारंजा लाड, मालेगाव जहांगीर, मेहकर, जालना, छत्रपती संभाजीनगर, शिर्डी, नाशिक, इगतपुरी, शहापूर. आपल्या टोकाला खापरी आणि अजनी. यादी पाहिली की अमरावती आणि अकोला नाहीत हे लगेच टोचतं. विदर्भातली ही दोन मोठी शहरं जुन्या मुख्य रेल्वेमार्गाच्या पट्ट्यात आहेत आणि समृद्धी त्यांच्या दक्षिणेने गेली. रेषा वाकवून अमरावतीला नेली तर वरचा ताळेबंद मोडतो. न नेली तर लाखो लोकांना पुलगाव किंवा कारंजापर्यंत यावं लागेल. माझं मत असं, की रेषा सरळ ठेवावी, पण पुलगावला हायस्पीड स्थानक सध्याच्या ब्रॉडगेज स्थानकाच्या डोक्यावर बांधावं. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून येणारी गाडी खाली थांबेल आणि प्रवासी जिन्याने वर जाईल. दोन स्थानकांमध्ये पाच किलोमीटरचा ऑटोप्रवास राहिला, तर अमरावतीकर ही गाडी कधीच आपली मानणार नाहीत.

गावाबाहेरच्या स्थानकांचा धडा फ्रान्सने घेतलेला आहे. तिथलं ओत-पिकार्दी हे १९९४ चं स्थानक दोन शहरांच्या मध्ये शेतात बांधलं, जुन्या रेल्वेमार्गाशी त्याची जोडणी नव्हती, आणि लोक त्याला बीटच्या शेतातलं स्थानक म्हणू लागले. कारंजा, मेहकर, मालेगावला हीच भीती आहे. तिथे स्थानक ठरवतानाच एसटीचा फलाट, वाशीम-अकोला-लोणारकडे जाणाऱ्या बसेसच्या वेळा आणि रिक्षाथांबा आराखड्यात हवा.

आता नागपूर. खापरीला थांबून काम भागवायचं की अजनीपर्यंत यायचं? खापरीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. जमीन मोकळी, मिहान हे उद्योगक्षेत्र शेजारी, मेट्रोचं टोक तिथेच, डेपोला जागा. पण हिशोब मिनिटांत करा. शेवटचे दहा किलोमीटर गाडीने ताशी ३२० ऐवजी १२० ने कापले, तर तिला जेमतेम तीन मिनिटं जास्त लागतात. उलट खापरीला उतरलेल्या माणसाला मेट्रोने शहराच्या मध्यातली बर्डी गाठायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, शिवाय चढउतार. घाट फोडून, नद्या ओलांडून वाचवलेली मिनिटं शेवटच्या दहा किलोमीटरांत गमवायची का?

म्हणून मुख्य स्थानक अजनी आणि डेपो खापरीकडे, हीच मांडणी मला योग्य वाटते. अजनीला काँग्रेसनगर आणि अजनी चौक ही मेट्रो स्थानकं जवळ आहेत, मध्य रेल्वेचं स्थानक लागून आहे. मात्र दोन अटींवर. पहिली झाडांची. अजनी परिसरातली जुनी झाडं तोडण्याला नागपूरकरांनी याआधीही कडाडून विरोध केला आहे आणि तो योग्यच होता. स्थानक रेल्वेच्या विद्यमान रुळांवर उंच किंवा जमिनीखाली बसवावं, अजनी वनात शिरू नये. दुसरी अट भविष्याची. आपलं शहर दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा या दोन मार्गांच्या छेदावर उभं आहे. स्थानक भिंतीला टेकून संपणारं बांधलं, तर उद्या रायपूरकडे किंवा हैदराबादकडे मार्ग काढताना गाड्यांना उलटं फिरावं लागेल. पूर्वेकडे जायचा पट्टा आजच आरक्षित करावा. तिथे इमारती उभ्या राहिल्या की मग तो मिळत नाही.

मुंबईचं टोक याहून अवघड आहे. मार्ग शहापूरला संपला तर आसनगावहून लोकलने आणखी दीड-दोन तास, आणि सगळा खटाटोप वाया. ठाण्याजवळ मुंबई–अहमदाबाद मार्गाला जोडून त्याच्या २१ किलोमीटरच्या बोगद्यातून वांद्रे-कुर्ल्याला जाता येईल का, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा. त्या बोगद्यात तासाला किती गाड्या मावतात आणि त्यातल्या आपल्या वाट्याला किती येतील, याचं उत्तर लेखी हवं.

पायरी ५: जमीन वाचा

लायडारमध्ये विमानातून लेसरचे झोत सोडून जमिनीची उंची, झाडं, घरं, नाले टिपले जातात. मुंबई–अहमदाबादला पारंपरिक पद्धतीने दहा-बारा महिने लागले असते ते काम बारा आठवड्यांत झालं. पण लेसर जमिनीच्या पोटात शिरत नाही. तिथे बोअर घ्यावेच लागतात.

नागपूरपासून पश्चिमेला बहुतांश बेसॉल्ट आहे आणि त्यावर काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. विदर्भातल्या घरांच्या भिंती दरवर्षी हे सांगतात. हायस्पीड रुळाला मात्र मिलीमीटरचीही हालचाल सोसत नाही. म्हणून भराव टाकायचा तर काळी माती पूर्ण काढून मुरूम भरावा लागतो, नाही तर खांब खडकापर्यंत नेऊन उन्नत मार्ग करावा लागतो. खडक किती खोल आहे याचा पहिला अंदाज शेतकऱ्यांच्या विहिरी आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या नोंदी देतात. तो आधी जमवला तर बोअर कुठे घ्यायचे ते नेमकं ठरतं.

उन्नत मार्ग महाग पडतो, तरी माझा कौल त्याच्याच बाजूने आहे. मुंबई–अहमदाबादच्या ५०८ किलोमीटरांपैकी सुमारे ४६० किलोमीटर खांबांवर आहेत. खांबांखालून नाला वाहतो, बैलबंडी जाते, पांदण रस्ता तुटत नाही. कारंजा-सोहोळ, काटेपूर्णा, तानसा ही अभयारण्यं या पट्ट्याच्या आसपास आहेत. काळवीट आणि नीलगाय भरावाला अडतात, खांबांना अडत नाहीत.

घाट हा वेगळाच विषय आहे. कसाऱ्याहून इगतपुरीला सुमारे ३०० मीटर चढावं लागतं. १८६५ मध्ये सुरू झालेल्या थळ घाटात चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे आणि आजही गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. हायस्पीड गाडीच्या बऱ्याच डब्यांखाली मोटरी असल्याने तिला हजारी २५ चा (हजार मीटरला २५ मीटर) चढ झेपतो, म्हणजे ३०० मीटरला १२ किलोमीटर. हजारी १५ ठेवला तर २० किलोमीटर. चढ जितका सौम्य, तितका बोगदा लांब. सह्याद्रीत लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल मातकट पट्टा सापडतो. पाणी लागलं की तो मऊ होतो आणि खोदकाम अडवतो. घाटातले बोअर म्हणून सर्वांत आधी आणि सर्वांत जवळजवळ घ्यावेत. इथे बोअरवर वाचवलेला पैसा पुढे कंत्राटदाराच्या दाव्यांमध्ये कित्येक पटींनी जातो.

पायरी ६: सातबारा

उन्नत मार्गाला १७.५ मीटर रुंदी लागते. किलोमीटरमागे पावणेदोन हेक्टर, पूर्ण मार्गाला साधारण १,३०० हेक्टर. समृद्धीला किलोमीटरमागे १२ हेक्टर लागले, त्यामानाने हे कमी वाटतं. पण शेताच्या मधोमध तिरपी गेलेली १७.५ मीटरची पट्टी दोन तुकडे करते, विहीर एकीकडे आणि ओलीत दुसरीकडे. संत्र्याच्या बागेत तर हे नुकसान मोजायला गुंठ्यांचा हिशोब पुरत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर गुणक, मग १०० टक्के दिलासा रक्कम, शिवाय झाडं, विहीर, पाइपलाइन आणि शेत तुटल्याचं नुकसान धरायची तरतूद आहे. समृद्धीच्या वेळी राज्याने थेट खरेदीचा मार्ग धरला. मोबदला रेडी रेकनरच्या पाचपटीपर्यंत गेला आणि तेव्हा कुठे विरोध निवळला. नियोजनकाराने या पायरीवर काय करावं?

संयुक्त मोजणीच्या आधी गावात वाचन करावं: कोणाचा सातबारा मयताच्या नावावर आहे, कोणते फेरफार अडकलेत, कोणती जमीन वर्ग दोनची (विकायला सरकारी परवानगी लागणारी) आहे, कुठे भावांचे पोटहिस्से मोजलेले नाहीत. मोबदला अडतो तो दरापेक्षा या कागदांमुळे जास्त. एका तालुक्यात एक तहसीलस्तरीय शिबिर लावून सहा महिने आधी हे कागद दुरुस्त केले, तर नंतरची वर्षं वाचतात. शहापूर तालुक्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेशी सल्लामसलत कायद्यानेच बंधनकारक आहे. ती उरकून टाकायची औपचारिकता समजू नये.

आणखी एक. रेल्वे प्रकल्प २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत नाहीत. म्हणून ‘परवानगी लागत नाही’ एवढ्यावर थांबू नये. मुंबई–अहमदाबादसाठी कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेच्या अटीमुळे तो अभ्यास झाला. आपल्या मार्गाला कर्ज कुठूनही येवो, अभ्यास व्हावा आणि तो मराठीत गावोगावी वाचला जावा.

शेतकऱ्यांना एवढंच सांगतो: अधिसूचना निघाली की हरकतीची मुदत मोजली जाते. रेल्वे कायद्याखाली ती ३० दिवसांची, २०१३ च्या कायद्याखाली ६० दिवसांची. अधिसूचनेत कोणता कायदा लिहिला आहे ते पहिल्या दिवशी बघा, आणि विहीर, झाडं, ठिबक यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

पायरी ७: गेज, वीज, सिग्नल

इथे निर्णय तांत्रिक आहेत, पण एक सगळ्यांना समजला पाहिजे. मुंबई–अहमदाबाद मार्ग स्टँडर्ड गेजचा, १,४३५ मिलीमीटरचा. आपली बाकी रेल्वे १,६७६ ची. स्टँडर्ड गेज घेतलं तर तयार गाड्या आणि तंत्र मिळतं, शिवाय ठाण्याची जोडणी शक्य होते. पण गाडी अजनीच्या पुढे गोंदिया किंवा चंद्रपूरला जाऊ शकत नाही. फ्रान्समध्ये गेज एकच असल्याने वेगवान गाड्या जुन्या रुळांवरून लहान शहरांपर्यंत जातात. स्पेनने गेज बदलणाऱ्या गाड्या केल्या. मुंबईत थेट शिरायचं असेल तर आपल्याला स्टँडर्ड गेज घ्यावं लागेल, आणि मग पूर्व विदर्भासाठी अजनीला एकाच छताखाली गाडी बदलायची सोय ही चैन उरत नाही, गरज ठरते.

सिग्नल चालकाच्या समोरच्या पडद्यावर असतात. ताशी ३२० ला थांबायला पाच किलोमीटरहून जास्त अंतर लागतं, रुळाकाठचा दिवा बघून ब्रेक लावणं शक्यच नाही.

पायरी ८: पैसा

मुंबई–अहमदाबादचा मूळ अंदाज १.०८ लाख कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे २१२ कोटी. त्याच जुन्या दराने आपल्या मार्गाला दीड लाख कोटींच्या वर लागतात. आजच्या किमतीला अर्थातच जास्त.

सोपं गणित करू. दीड लाख कोटींचं कर्ज, आणि दोन्ही दिशा मिळून रोज ३० हजार प्रवासी, असं गृहीत धरा. वर्षाला १.०९५ कोटी प्रवासी होतात. व्याज ८ टक्के असेल तर वर्षाचं व्याजच १२ हजार कोटी, म्हणजे दर प्रवाशामागे जवळपास ११ हजार रुपये. व्याज १ टक्का असेल तर १,३७० रुपये. मुंबई–अहमदाबादला मिळालेल्या जपानी कर्जाप्रमाणे ०.१ टक्का असेल तर १३७ रुपये. मुद्दलाची परतफेड ३५ वर्षांत केली तर वर्षाला सुमारे ४,३०० कोटी, प्रवाशामागे आणखी ३,९०० रुपये. वीज, पगार, देखभाल वेगळी.

यातून दिसतं की तिकीट किती असेल, हे रुळांपेक्षा कर्जाच्या करारात ठरतं. तिकिटावर सगळा भांडवली खर्च काढायचा ठरवला तर ही गाडी सामान्य विदर्भकराची होणार नाही. म्हणून अहवालात आर्थिक परतावा आणि सामाजिक-आर्थिक परतावा असे दोन आकडे वेगळे मागा. पहिल्यात फक्त पैसे असतात, दुसऱ्यात वाचलेला वेळ, अपघात, इंधन. प्रवासीसंख्या ३० टक्क्यांनी घटली आणि खर्च ३० टक्क्यांनी वाढला तर काय होतं, त्याचा तक्ताही मागा. प्रवासी आणि खर्च यांच्या कोष्टकातला सर्वांत वाईट कोपरा ज्या अहवालात दाखवलेला नाही, त्यावर सही करू नये.

पायरी ९: बांधायचा क्रम

समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. इगतपुरी ते आमणे हे शेवटचे ७६ किलोमीटर ५ जून २०२५ ला. शिर्डीपुढच्या भागाला, घाटासह, अडीच वर्षं लागली. रेल्वेचा घाट याहून कठीण असेल. म्हणून कंत्राटांचा क्रम उलटा लावा: सर्वांत आधी कसारा–इगतपुरीचा बोगदा आणि मुंबईचा प्रवेश, सर्वांत शेवटी वर्ध्याची सपाटी.

एक अपवाद मात्र हवा. जपानने टोकियो–ओसाका मार्ग सुरू होण्याआधी कामोनोमिया इथे सुमारे तीस किलोमीटरचा तुकडा बांधून १९६२ पासून त्यावर गाड्या तपासल्या. आपल्याकडे वर्धा–कारंजा हा तसा तुकडा होऊ शकतो. तिथे काळी माती आहे, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, पावसाळ्यात नाले भरतात. रूळ, तारा आणि वातानुकूलन यांना दोन उन्हाळे तिथे काढू द्यावेत. चालक आणि देखभालीचे कामगार तिथेच घडवावेत, आणि त्यात वर्धा, यवतमाळ, वाशीमच्या आयटीआयच्या मुलांना जागा असाव्यात.

पहिला प्रवासी टप्पा नागपूर–छत्रपती संभाजीनगर ठेवावा. घाटाची वाट न बघता तो सुरू होऊ शकतो आणि मराठवाडा-विदर्भ दोन तासांच्या आत जोडले जातात. बोगदा पूर्ण होईपर्यंत मुंबईला जाणाऱ्याला संभाजीनगरला गाडी बदलावी लागेल. म्हणून तिथलं हायस्पीड स्थानक जुन्या स्थानकाला लागूनच हवं, तिकीट एकच हवं, आणि मुंबईकडची वंदे भारत हायस्पीड गाडी आल्यावर वीस मिनिटांत सुटेल असं वेळापत्रक पहिल्या दिवसापासून छापलेलं हवं.